मधल्या आवाजाची धून

चि. सोहम,


तुझी स्वरलिपी दोनदा वाचली. जुन्या इंग्लिश संगीतकार टॅव्हर्नरचा मास, म्हणजे चर्चच्या उपासनेसाठीची गायनरचना, पाच वाद्यांसाठी नव्याने मांडायला घेतलास, याचा फार आनंद झाला. पण पहिल्याच पानावर क्लॅरिनेट किंचाळतं, चेलोवर टकटक होते, आणि मूळ धून मला शोधत बसावी लागली.

सहा आवाजांच्या त्या मासात 'इन नोमिने दोमिनि' या शब्दांपाशी टॅव्हर्नर चारच आवाज ठेवतो. मधला एक आवाज चर्चमधली जुनी धून लांब लांब सुरांत गातो, बाकीचे तीन तिच्याभोवती विणलेले. लोकांनी तेवढाच तुकडा उचलला, शब्द गळले, तो वाद्यांवर आला. मग इंग्लंडमध्ये सुमारे दीडशे वर्षं त्याच धुनेवर 'इन नोमिने' रचले जात राहिले. १६८०च्या सुमारास संगीतकार पर्सेलनेसुद्धा रचले. त्या लांब सुरांच्या धुनेला तानपुरा मात्र समजू नकोस. तानपुरा जागचा हलत नाही, ही धून चालते. इतकी सावकाश की चाल जाणवत नाही.

संगीतकार पीटर मॅक्सवेल डेव्हिसचं १९६५चं 'सेव्हन इन नोमिने' नीट ऐक. पाच फुंकवाद्यं, चार तंतुवाद्यं आणि एक हार्प. सातांपैकी काही तुकडे तो जुन्या संगीतकारांचेच घेतो, फक्त वाद्यांना वाटून देतो. बाकीचे सर्वस्वी त्याचे, आजच्या कानाचे. जुनं शेजारी उभं असतं म्हणून त्याचं धाडस कळतं. तुझ्या पाच पानांत जुनं कुठेच उभं नाही.

विद्यार्थिनी असताना अशाच एका रचनेत ती लांब सुरांची धून माझ्या व्हायोलाकडे आली होती. मला कंटाळवाणी वाटली, म्हणून प्रत्येक सुरावर कंप घातला. सगळी वीण विस्कटली. सरांनी बाकीच्यांना थांबवलं आणि ती धून मला एकटीला गायला लावली, लॅटिन शब्दांसकट. श्वास कुठे पुरतो, कुठे तुटतो, ते त्या दिवशी कळलं. तुझ्या बासूनला तू श्वास घ्यायला जागाच ठेवलेली नाहीस.

तेव्हा संगणक बंद कर. टॅव्हर्नरचे ते चारही आवाज हाताने उतरवून काढ, एकेक गा, मधला सर्वांत आधी. वाद्यं नंतर ठरव. गणपतीला येशील तेव्हा तो कागद घेऊन ये. मधला आवाज मी व्हायोलावर धरते, वरचा तू गा.

तुझी,
मावशी