गाईचा बीट आणि मिठाचे पाणी

कोशिंबिरीतला लाल बीट तुम्हांला ठाऊक आहेच. त्याचाच एक थोराड भाऊ खास जनावरांसाठी पिकवतात. तो चाऱ्याचा बीट. भाजीचा, साखरेचा आणि चाऱ्याचा हे तिन्ही बीट वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच जातीचे. त्यांचा पूर्वज म्हणजे युरोपच्या समुद्रकिनाऱ्यावरचा रानटी बीट. म्हणूनच खारे पाणी या पिकाला इतरांइतके बाधत नाही. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र अनुसंधान संस्थेने पश्चिम राजस्थानसाठी हे पीक पारखले, त्यामागचे हे एक कारण. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरलेला बीट तेथे उन्हाळ्याच्या तोंडाशी, हिरवा चारा संपत असताना, खणायला येतो.

आता प्रश्न असा, की ३० किलो बीट म्हणजे गाईला नक्की किती अन्न? तराजू याचे उत्तर देत नाही, कारण कंदाचा बहुतेक भाग पाणीच असतो. पाणी वगळून जे उरते त्याला शुष्कांश म्हणतात. चाऱ्याच्या बीटात तो वाणानुसार साधारण १२ ते २० टक्के असतो. वाळलेल्या कडब्यात ९० टक्क्यांच्या आसपास. तेव्हा १४ टक्क्यांच्या वाणाच्या ३० किलोंत ४.२ किलो अन्न आणि २० टक्क्यांच्या वाणाच्या तेवढ्याच ढिगात ६ किलो. वजन तेच, पण अन्न जवळजवळ दीडपट!

हा फरक गाईच्या जिवावर बेतू शकतो. बीटाच्या शुष्कांशात निम्म्याहून अधिक साखर असते. गाईच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातले जीवाणू ती झपाट्याने आंबवतात आणि आम्ले तयार करतात. तेथला पीएच एरवी ६ ते ७ असतो. तो ५.५ च्या खाली उतरला, की रवंथ मंदावते, गाय खाणे सोडते, प्रसंगी मरतेही. (पीएच एकाने उतरला म्हणजे हायड्रोजन आयन दहापट झाले, हे विसरू नका.) यावर गाईपाशी स्वतःचा उपाय आहे, तो म्हणजे लाळ. मोठी गाय दिवसाला १०० लिटरच्या आसपास लाळ गाळते आणि तिच्यातील बायकार्बोनेट आम्ल मारते. पण लाळ सुटायला भरपूर चावावे लागते आणि त्यासाठी कडब्यासारखा तंतुमय चारा हवाच. म्हणून न्यूझीलंडमध्ये, जेथे गाई बीटाच्या शेतातच चारतात, तेथेही सुरुवात रोज एखाद्या किलो शुष्कांशाने करून पूर्ण मापावर यायला दोन-तीन आठवडे घेतात.

मग कंदात साखर किती, हे न खाता कसे ओळखायचे? येथे आमचे भौतिकशास्त्र कामी येते. सायलेशियातील कुनर्न येथे फ्रांट्स कार्ल आखार्ड यांनी १८०१ मध्ये बीटापासून साखर काढण्याचा पहिला कारखाना काढला, तो चाऱ्याच्या बीटातूनच निवडलेल्या कंदांवर. पुढे १८५० च्या सुमारास फ्रान्सचे लुई द व्हिल्मोरँ यांनी बियाण्यासाठी कंद निवडताना मिठाचे पाणी वापरले. त्यात जो बुडेल तो जड, म्हणजे साखरेने समृद्ध. १० टक्के साखरेच्या द्रावणाचे विशिष्ट गुरुत्व १.०४०, तर २० टक्क्यांच्या द्रावणाचे १.०८३. फरक लिटरमागे फक्त ४३ ग्रॅमचा, पण आर्किमिडीजला तेवढा पुरतो. मात्र कंदात हवेची पोकळी असली तर गोड कंदही तरंगणार. नंतर व्हिल्मोरँ यांनी कंदाच्या तुकड्याचा रस काढून त्यात चांदीचा गोळा बुडवून तोलायला सुरुवात केली. गोळ्याचे वजन जितके अधिक घटेल तितका रस दाट. माझ्या मते ही युक्ती पहिलीपेक्षा कितीतरी देखणी आहे.

शेतकऱ्याला मात्र शुष्कांश हवा आणि तो तुम्हीही काढू शकता. बाजारातला लाल बीट घ्या. पातळ चकत्या करून बरोबर १०० ग्रॅम तोला, जाळीवर पसरून कडक उन्हात वाळवा आणि रोज संध्याकाळी वजन टिपा. लागोपाठ दोन दिवस वजन तेच आले, की थांबा. जितके ग्रॅम उरले तितके टक्के शुष्कांश. पावसाळ्यात हा प्रयोग करू नका. चकत्या हवेतली ओल शोषतात आणि आकडा फुगतो.