मसाला आमचा, नाव त्यांचं

आमच्या सेलवासमध्ये बनतं पुष्कळ, पण ते कुणी बनवलं हे बाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं. मसाट, राखोली, नरोली, कुठल्याही रस्त्याला लागा, कारखान्यांच्या शेडच शेड. यांतला बराच माल जॉबवर्कचा. माझे मिस्टर ज्या युनिटमध्ये मशीनवर आहेत, तिथं कच्चा धागा पार्टीकडून येतो, त्याला पीळ-फुगवटा देऊन तो पार्टीच्याच नावानं परत जातो. युनिटला मिळते ती किलोमागे मजुरी.

याला कारण आहे. १९५४ साली हा दादरा नगर हवेलीचा मुलूख पोर्तुगिजांच्या हातून सुटला, १९६१मध्ये रीतसर भारतात आला, आणि पुढं इथं उद्योग यावेत म्हणून विक्रीकराची माफी, आयकरात सूट अशा सवलती दिल्या गेल्या. कारखाने आले ते या सवलतींपायी. माल स्वस्त पडायचा म्हणून खपायचा; नाव कमावण्याची नड पुष्कळांना भासलीच नाही. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि विक्रीकराच्या माफीचा प्रश्नच मिटला. सवय तेवढी राहिली. घरगुती धंदा काढणाऱ्या बाईला इथं आजही हाच सल्ला मिळतो की माल चांगला ठेवा, माल आपोआप बोलतो. बोलतो ना. पण बोलताना नाव कुणाचं घेतो?

मी आणि माझी जाऊ काळा मसाला करतो. आम्ही मूळच्या अमळनेरकडच्या, आणि सेलवासमध्ये खान्देशातून कामाला आलेली घरं काही कमी नाहीत. शेवभाजीला गावाकडचा मसाला हवा, एवढ्या मागणीवर सुरुवात झाली. सुकं खोबरं, तीळ, धणे, दगडफूल, बाद्यान. सगळं तेलावर वेगवेगळं भाजायचं, मिरची शेवटी, आणि मग कांडपाला न्यायचं. साध्या प्लास्टिकच्या पिशवीत भरून, मेणबत्तीवर तोंड चिकटवून द्यायचो. ओळख म्हणजे तोंडी, ‘वहिनींचा मसाला’.

किलवणी नाक्याच्या बाजूच्या एका व्यापाऱ्यानं चव बघितली आणि घरी आला. म्हणाला, ‘बेन, जेवढा कराल तेवढा मी उचलतो. पाकीट-बिकीट, नाव-बीव सगळं माझ्यावर सोडा.’ रोकड पैसे, दारातून उचल, उधारी नाही. वाईट सौदा नव्हता, आणि तसा सौदा पुन्हा आला तर मी तोंड फिरवणार नाही. आम्ही पाच-पाच किलोच्या पिशव्या देत गेलो, त्यांनी त्यांच्या छापील पाकिटात भरून विकलं. कॉलनीतली किरकोळ विक्री हळूहळू बंद झाली, कारण त्यासाठी हात मोकळाच राहिना. मग एका दिवाळीनंतर निरोप आला की वापीहून कमी भावात मिळतोय, तुमचा भाव उतरवा. मिरची कडाडलेली, उतरवणार कुठून? उचल थांबली.

आम्हाला वाटलं, ठीक आहे, गिऱ्हाईक आहेच. पिशव्या घेऊन पुन्हा दारोदार निघालो. आमलीत एका घरी बाईंनी बोटावर घेऊन चाखला, मान डोलावली आणि म्हणाल्या, ‘चव अगदी त्यांच्या मसाल्यासारखी जमलीय हो तुम्हाला. पण आमच्याकडे सगळ्यांना ओरिजनलच लागतो.’ फडताळातलं पाकीट काढून दाखवलं. व्यापाऱ्याचं, जुन्या लॉटचं. खोबरं जाडसर ठेवायची आमच्या जाऊबाईंची खोड त्यात स्वच्छ दिसत होती. जाऊबाई काही बोलल्या नाहीत. रस्त्यावर आल्यावर मात्र पिंपळाखाली थांबून पोट धरून हसल्या. रडण्यापेक्षा बरं.

व्यापाऱ्यानं यात बेकायदा काही केलं नव्हतं. नावाचा खर्च, पाकिटाचा खर्च, दुकानदाराची उधारी सगळं त्यानं सोसलं होतं. गिऱ्हाईक त्याचंच होतं. तेव्हा नव्यानं धंद्यात पडणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हे की जॉबवर्क जरूर घ्या, पण सगळा माल देऊ नका. थोडा हिस्सा, अगदी कॉलनीपुरता का होईना, पहिल्या दिवसापासून स्वतःच्या नावानं विका. घर चालतं जॉबवर्कवर, हे मला मान्य आहे. पण उद्या भाव ठरवताना जोर येतो तो या छोट्या हिश्श्यामुळं.

आता नावाचं. आमच्या डोक्यात ‘खान्देशी काळा मसाला’ हेच होतं. कागदपत्रं करून देणाऱ्या सल्लागारानं ते तिथंच खोडलं. ट्रेडमार्क कायदा १९९९चा, त्याच्या ९व्या कलमात स्पष्ट आहे की वस्तूचा प्रकार, गुण किंवा मूळ ठिकाण सांगणारा शब्द सहसा एकट्याच्या नावे होत नाही. खान्देश सगळ्यांचा, काळा मसाला सगळ्यांचा. उद्या शेजारच्या गल्लीत कुणी हेच छापलं तर आम्ही काय बोलणार? पुण्यात १९६२पासून मसाल्याच्या धंद्यात असलेल्या चोरडियांची नावं बघा, प्रवीण आणि सुहाना. यांत कुठं मिरची आहे का धणे? दांडेकरांनी १९३१ साली शाई काढली ती घोडाछाप, पुढं उंट आला. शाईचा उंटाशी संबंध काय? काही नाही, आणि म्हणूनच तो त्यांचा झाला. नाव ऐकून माल कळलाच पाहिजे हा हट्ट नव्या माणसाला फार असतो. माल काय आहे ते खालच्या ओळीत लिहिता येतं.

नावासाठी एजन्सी गाठायचीही गरज नाही. लिज्जतच्या बायकांनी १९५९मध्ये गिरगावात ८० रुपये उसने घेऊन पापड सुरू केले, तेव्हा हे नाव नव्हतं. ते १९६२मध्ये आलं, आपसातच स्पर्धा ठेवून, बक्षीस ५ रुपये. आमचं नाव भाच्यानं सुचवलं. इथं देत नाही, उगाच जाहिरात व्हायची. एक कसोटी तेवढी आम्ही लावली. किराणा दुकानात गुजराती शेठ, बिहारचा कामगार आणि खानवेलची वारली बाई, तिघांनाही न अडखळता मागता आलं पाहिजे. सेलवासमध्ये या कसोटीला पर्याय नाही.

पक्कं करण्याआधी ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर शोध घ्या. तो फुकट आहे. अर्ज ऑनलाइन करा. व्यक्ती किंवा नोंदणीकृत लघुउद्योग असाल तर एका वर्गाला ४,५०० रुपये, नाहीतर ९,०००. वर्गाची गंमत अशी की मसाला आणि पापड ३०व्या वर्गात, लोणचं २९व्यात, म्हणजे लोणचंही करणार असाल तर दोनदा पैसे. आमचं हायकोर्ट मुंबईला, पण दादरा नगर हवेलीचे ट्रेडमार्क अर्ज अहमदाबादच्या कार्यालयाकडं जातात. मुंबईतल्या नातेवाइकाला धावपळ करायला लावू नका. नाव जर्नलमध्ये छापून आल्यावर हरकतीसाठी ४ महिने असतात. नोंदणी १० वर्षांची, नंतर नूतनीकरण. नोंदणी होईपर्यंत नावापुढं ‘टीएम’ चालतं; गोलातला ‘आर’ मात्र नोंदणीआधी छापणं गुन्हा आहे, आणि लेबलवाले तो सर्रास टाकून देतात. प्रूफ नीट वाचा.

याहून मोलाची गोष्ट फुकटची आहे. पहिल्या दिवसापासून नावासकट बिल फाडा आणि प्रती जपा. नोंदणी कुणाची का असेना, त्याच्याआधीपासून सलग तेच नाव वापरणाऱ्याला ३४वं कलम संरक्षण देतं. ते सिद्ध करायला कागद लागतो. ‘सगळी कॉलनी ओळखते’ याला कार्यालयात किंमत नाही.

लेबलवर पैसे उधळू नका. रंगीत छापील पाऊच घ्यायला गेलात तर प्रत्येक रंगाचा सिलिंडर वेगळा बनतो, आणि छापणारा कमीत कमी मोठी ऑर्डर मागतो. पत्ता बदलला, वजन बदललं की सगळा रोल वाया. सुरुवातीला साधा पाऊच आणि वर चांगला स्टिकर पुरतो. पण तेलकट हातानं लावलेला स्टिकर आठवड्यात कोपऱ्यातून उचकटतो, म्हणून आमच्याकडं भरणारी एक आणि चिकटवणारी दुसरी. डिझाइनवाला मिरच्यांचा इंटरनेटवरचा फोटो टाकतो, तोच फोटो दहा पाकिटांवर असतो. नाहीतर कडेला वारली नाच. सेलवासमध्ये हॉटेलापासून फरसाणापर्यंत तोच नाच आहे, शिवाय वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे. हवंच असेल तर इथल्या वारली चित्रकाराला पैसे देऊन स्वतःपुरतं काढून घ्या.

नाव लागलं की जबाबदारी वाढते, हे कुणी आधी सांगत नाही. पूर्वी मसाला तिखट झाला तर ‘या वेळची मिरची जहाल’ म्हणून लोक सोडून द्यायचे. आता फोन येतो. त्यामुळं वही आली: कुठल्या लॉटला कुठली मिरची, किती भाजली, कुणी भाजली. हाच बॅच नंबर पाकिटावर.

आणि जॉबवर्क घेताना तोंडी सौदा नको. किती महिन्यांची आगाऊ सूचना, भाव कधी बदलणार, कृती कुणाची, आणि आम्ही आमच्या नावानं विकू शकतो की नाही, एवढं एका कागदावर घ्या. ब्रँडचा मालक वेगळा असला तर प्रत्यक्ष बनवणाऱ्याचा अन्न परवाना क्रमांकही लेबलवर द्यावा लागतो. पण तो १४ आकडी नंबर वाचतो कोण? आम्ही नव्या एका पार्टीला पाकिटाच्या मागं ‘बनवणार’ म्हणून नाव आणि गाव छापायची अट घातली आहे. भावात किलोमागे थोडं सोडायला तयार आहोत, या ओळीवर नाही.