नाबोथचा द्राक्षमळा आणि आपली सही

अभ्यासासाठी शास्त्रपाठ: १ राजे २१:१-२९ आणि लूक १९:१-१०



१९९१ साली अमेरिकेत जेम्स पॅटरसन आणि पीटर किम या दोघांनी एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यासाठी त्यांनी तेथील लोकांना बरेच प्रश्न विचारले होते. त्यांतला एक असा: एक कोटी डॉलर मिळणार असतील तर तुम्ही काय काय करायला तयार व्हाल? शंभरात पंचवीस जणांनी सांगितले, आम्ही घरच्या माणसांना कायमचे सोडू. तितक्याच जणांनी आपले चर्च सोडण्याची तयारी दाखवली. आणि शंभरात सात जण म्हणाले, आम्ही एका अनोळखी माणसाचा जीव घेऊ.

हे वाचून आपण कानांवर हात ठेवतो. "छे, छे! आम्ही नाही त्यातले." हे उत्तर खरेही असेल. पण सैतान आपल्या दारात कोटीची थैली घेऊन येत नाही आणि खून कर म्हणूनही सांगत नाही. तो येतो तेव्हा बहुधा त्याच्या हातात एक कागद असतो आणि एक पेन असते. जुन्या करारातील नाबोथच्या गोष्टीत हे फार स्पष्ट दिसते. आज आपण तिचा थोडा अभ्यास करू या.

१. मागणी वाजवी होती

इज्रेल गावात नाबोथचा द्राक्षमळा होता. तो अहाब राजाच्या वाड्याला लागून होता. राजाला तेथे भाजीचा मळा करायचा होता. त्याने नाबोथला सांगितले, याहून चांगला मळा घे, नाहीतर रोख किंमत घे. आजच्या भाषेत जागेला जागा किंवा बाजारभाव. यात वावगे काही नव्हते.

नाबोथ नाही म्हणाला, कारण तो मळा वाडवडिलांचा वारसा होता. जमीन मुळात परमेश्वराची, आपण तिच्यावर राहणारे पाहुणे, अशी इस्राएल लोकांची श्रद्धा होती (लेवीय २५:२३). म्हणून वडिलार्जित जमीन कायमची विकण्यास त्यांना मनाई होती.

राजा घरी आला, अंथरुणावर पडला, तोंड फिरवले, जेवला नाही. एका राज्याचा धनी भाजीच्या वाफ्यांसाठी रुसून बसला! अजून कोणताही गुन्हा घडलेला नव्हता. पण जे आपले नाही त्यावर मन जडले होते. दहावी आज्ञा नेमकी याच ठिकाणी आपल्याला अडवते. हात पुढे होण्याआधी डोळे पुढे गेलेले असतात.

२. पापाचे वाटेकरी

पुढे काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे. ईजबेल राणीने राजाच्या नावाने पत्रे लिहिली, त्यांवर राजाची मुद्रा उमटवली आणि ती इज्रेलच्या वडीलधाऱ्यांकडे पाठवली. दोन खोटे साक्षीदार उभे केले गेले. नाबोथने देवाची आणि राजाची निंदा केली, असे ते म्हणाले. लोकांनी त्याला गावाबाहेर नेऊन दगडमार करून ठार केले. त्याच्या मुलांचेही रक्त सांडल्याचा उल्लेख पुढे येतो (२ राजे ९:२६). म्हणजे मळ्याला वारसच उरला नाही.

आता कोणी काय केले, हे एकेक करून पाहा. अहाबने हुकूम दिला नाही. त्याने फक्त काही विचारले नाही. ईजबेलने दगड उचलला नाही. तिने पत्र लिहिले, तेही दुसऱ्याच्या मुद्रेखाली. वडीलधाऱ्यांनी सभा बोलावली. साक्षीदार एक वाक्य बोलले. गावकऱ्यांनी एकेक दगड मारला. प्रत्येकाने थोडेथोडे केले आणि संध्याकाळपर्यंत एक निर्दोष माणूस मेला.

प्लेटो या ग्रीक तत्त्ववेत्त्याने एका मेंढपाळाची कथा सांगितली आहे. त्याला अदृश्य करणारी अंगठी सापडते आणि मग तो राजाला मारून राज्य बळकावतो. कोणी पाहत नसेल तर माणूस नीतीने वागेल का, हा तेथला प्रश्न. इज्रेलमध्ये जादूच्या अंगठीची गरज पडली नाही. राजमुद्रा पुरली. कागद, शिक्का आणि साक्षीदार यांच्या आड माणूस सहज अदृश्य होतो.

सर्वांत जास्त वाईट वाटते ते त्या वडीलधाऱ्यांचे. नाबोथ त्यांच्याच गावचा. त्यांच्यापैकी एकानेही 'थांबा' म्हटल्याचे शास्त्रात लिहिलेले नाही. त्यांना काय मिळाले तेही लिहिलेले नाही. त्यांची नावेसुद्धा नाहीत. तेथे आपले नाव बसते का, हे ज्याने त्याने पाहावे.

यहूदा इस्कार्योतचेही असेच झाले. चांदीची तीस नाणी (मत्तय २६:१५) ही मोठी दौलत नव्हती. बैलाने कोणाचा गुलाम मारला तर नियमशास्त्राप्रमाणे मालकाला तेवढीच भरपाई मिळे (निर्गम २१:३२). पण यहूदाची सुरुवात त्या रात्री झाली नव्हती. सामाईक थैलीतले पैसे तो आधीपासूनच काढत होता, असे संत योहान सांगतो (१२:६). किंमत हप्त्याहप्त्याने दिली जाते, म्हणून ती जाणवत नाही.

३. उपवासाची दवंडी

ईजबेलच्या पत्रातील पहिली सूचना कोणती होती? गावात उपवास जाहीर करा! अन्यायावर धर्माची शाल पांघरली गेली. येथे आम्हा धर्मगुरूंनाही मान खाली घालावी लागते.

पूर्वी आम्ही ज्या धर्मग्रामात होतो, तेथे चॅपलच्या छपरासाठी एका कुटुंबाने मोठी देणगी दिली. त्यांनी नुकतीच वाडी विकली होती. सणाच्या मिस्सेत आम्ही वेदीवरून त्यांचे आभार मानले. टाळ्या झाल्या. मिस्सा संपल्यावर एक प्रौढ बाई सॅक्रिस्टीच्या दाराशी थांबल्या होत्या. म्हणाल्या, "फादर, त्या पैशात माझाही वाटा आहे. तुम्ही माझ्या भावाला विचारलेत का?" (ही गोष्ट पापनिवेदनातील नव्हे. त्यांनी ती चारचौघांत सांगितली आणि लिहिण्यास परवानगीही दिली.)

आम्ही भावाकडे गेलो. तो म्हणाला, "फादर, तिने स्वतःच्या हाताने सही केली आहे. कोणी जबरदस्ती केली नाही."

"सही करताना तिला काय सांगितले होते?"

थोडा वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, "वारस नोंदीसाठी लागते म्हणून."

"आणि वाडी केवढ्याला गेली, ते?"

"ते तिने विचारले नाही."

तिने विचारले नाही, आणि देणगी घेताना आम्हीही विचारले नव्हते. नाबोथ कसा मेला हे अहाबनेही विचारले नव्हते.

आपल्यापैकी अनेकांना कायद्याची कल्पना नसते म्हणून सांगतो. आपल्या राज्यातील ख्रिस्ती कुटुंबांना भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ लागू होतो. वडील मृत्युपत्र न करता वारले आणि आई हयात असेल, तर एक तृतीयांश वाटा तिचा. उरलेला मुलामुलींत सारखा. मुलगा आणि मुलगी असा भेद या कायद्यात नाही. सातबाऱ्यावर बहिणींची नावे लागतात ती यामुळेच, आणि विक्रीच्या वेळी त्यांच्या सह्या लागतात त्याही यामुळेच. बहिणीने सर्व समजून, राजीखुशीने हक्कसोडपत्र केले तर तो तिचा अधिकार. पण भाव लपवून, कारण खोटे सांगून किंवा 'माहेर तुटेल' अशी भीती घालून घेतलेली सही निबंधकाच्या कार्यालयात चालून जाईल, देवापुढे चालणार नाही.

ती गोष्ट आम्ही पॅरिश कौन्सिलपुढे ठेवली. तोवर छप्पर घालून झाले होते. तेव्हापासून मोठी देणगी आली की आम्ही आधी विचारतो, घरात सर्वांना आपापला वाटा मिळाला ना? काही जण रागावतात. एकदोघांनी देणगी परत नेली. नेऊ देत. त्या भावाबहिणीचे बोलणे मात्र आम्ही तेथून निघेपर्यंत सुरू झाले नव्हते. आईच्या पुण्यतिथीच्या मिस्सेला दोघे दोन टोकांच्या बाकांवर बसत. वाडीची खरी किंमत खरेदीखतावर लिहिलेली नव्हती, ती तेथे दिसत होती.

४. अश्रू आणि हिशेब

एलीया संदेष्ट्याने अहाबला त्याच मळ्यात गाठले आणि त्याच्या तोंडावर त्याचे पाप सांगितले. अहाबने वस्त्रे फाडली, गोणपाट नेसला, उपवास केला. देवाने त्याची नम्रता पाहिली आणि शिक्षा लांबणीवर टाकली. देव किती दयाळू आहे! पण अहाबने मळा सोडला, असे कोठेही लिहिलेले नाही.

याच्या शेजारी यरीहोच्या जक्कयाला उभे करा. तो मुख्य जकातदार होता आणि श्रीमंत होता. प्रभू येशू त्याच्या घरी गेला तेव्हा त्याने अर्धी मालमत्ता गोरगरिबांना देऊ केली आणि ज्यांना फसवले त्यांना चौपट परत करण्याचा शब्द दिला. आज या घराला तारण लाभले, असे प्रभूने म्हटले ते यानंतर. अहाब रडला. जक्कयाने हिशेब केला.

ख्रिस्तसभेची शिकवणही हीच आहे. अन्यायाने घेतलेले मालकाला परत केले पाहिजे, असे कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो (क्र. २४१२), आणि तेथे जक्कयाचाच दाखला दिलेला आहे. पापनिवेदनात क्षमा मिळते, पण देणे माफ होत नाही. शंभर जपमाळा म्हटल्या तरी बहिणीचा वाटा फिटत नाही.

सगळे एकदम परत करणे शक्य नसेल. पैसे घराला लागले असतील, मुलांच्या शिक्षणाला गेले असतील. तरी सुरुवात करता येते. आधी खरा आकडा सांगावा. मग जमेल तसे, हप्त्याने द्यावे. ज्याचे घेतले तो हयात नसेल तर त्याच्या वारसांना द्यावे. कोणीच सापडत नसेल तर गोरगरिबांना द्यावे. पाप हप्त्याने झाले, भरपाईही हप्त्याने होऊ शकते.

सगळे जग मिळवून जीव गमावला तर काय लाभ, असा प्रभूचा प्रश्न आहे (मार्क ८:३६). सगळे जग कोणी आपल्याला देऊ करणार नाही. पाचदहा गुंठे देऊ करतील.

कुटुंबात चर्चेसाठी प्रश्न

१. या गोष्टीत आपण कोणाच्या जागी आहोत: अहाब, ईजबेल, वडीलधारी, साक्षीदार की नाबोथ?
२. आपल्या घरात नीट न समजावता घेतलेली एखादी सही आहे का? ती कोणाची?
३. दुसऱ्याच्या घरात असा अन्याय होताना आपण साक्षीदार म्हणून सही केली किंवा गप्प राहिलो, असे घडले आहे का?
४. या आठवड्यात आपण कोणाच्या घरी जाऊन खरा आकडा सांगू शकतो?

प्रार्थना: हे प्रभू, जक्कयाच्या घरी तू न बोलावता गेलास, तसा आमच्याही घरी ये. आम्ही कोणाचे काय देणे लागतो ते आम्हाला आठवू दे, आणि ते देण्याचे बळ दे. आमेन.