वेबसाइटवर ऑर्डर आली, पण तुम्हाला कळलीच नाही तर?

या आठवड्याच्या व्हिडिओचा हा लेखी भाग. व्हिडिओ बघताना हा शेजारी उघडा ठेवा आणि एकेक पायरी करत चला.

समजा, तुम्ही घरगुती मसाले विकता. वेबसाइट वर्डप्रेसवर, दुकान वूकॉमर्सवर. दिवसाला दोन ऑर्डर असतात तेव्हा पत्ता वहीत उतरवणं जमतं. दिवाळीत वीस यायला लागल्या की एखादी राहतेच. पैसे आलेत, माल गेला नाही, आणि ते गिऱ्हाईक परत फिरकत नाही. खरं नुकसान ते!

आधी हे समजून घ्या

वेबहुक म्हणजे दारावरची बेल. दर पाच मिनिटांनी दार उघडून कुणी आलंय का बघायचं नाही. कुणी आलं की बेल वाजते. वेबसाइटवर काही घडलं की ती स्वतःच बाहेरच्या टूलला निरोप देते. हे टूल म्हणजे झॅपियर, मेक, पॅबली कनेक्ट किंवा एनएटएन. पहिली तीन महिन्याच्या वापरावर पैसे घेतात, मोफत वापराला मर्यादा असते. एनएटएन स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येतं, पण ते सांभाळायचं कामही मग आपलंच.

जोडणी कशी करायची

१. टूलमध्ये नवीन वेबहुक बनवा. एक लिंक मिळेल, ती कॉपी करा. ही लिंक कुणालाही देऊ नका.

२. वर्डप्रेसमध्ये वूकॉमर्स, सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड, वेबहुक्स इथे जा. नवीन वेबहुक घ्या, स्टेटस ‘ॲक्टिव्ह’ ठेवा, लिंक डिलिव्हरी यूआरएलमध्ये टाका.

३. टॉपिक निवडताना थांबा. ‘ऑर्डर क्रिएटेड’ निवडलं तर पैसे न भरता सोडून दिलेल्या ऑर्डरीही येतात. म्हणून ‘ऑर्डर अपडेटेड’ घ्या आणि टूलमध्ये फिल्टर लावा: स्टेटस ‘प्रोसेसिंग’ असेल तरच पुढे.

४. एकच ऑर्डर दोनदा अपडेट होऊ शकते. त्यामुळे गूगल शीटमध्ये ओळ टाकण्याआधी तो ऑर्डर नंबर आधीच आहे का, हे टूलला तपासायला लावा. नाहीतर एकाच गिऱ्हाइकाला दोन पार्सलं जातील!

५. नाव, फोन, पत्ता, माल, रक्कम एवढंच शीटमध्ये घ्या. गिऱ्हाइकाची माहिती ही आपल्याकडची ठेव आहे, ती गरजेपेक्षा जास्त ठिकाणी पसरू द्यायची नाही.

ॲडमिनचा पासवर्ड कुणालाही नाही

उलट्या दिशेनं, म्हणजे टूलकडून वेबसाइटवर पोस्ट टाकायची असेल, तर आपला मुख्य पासवर्ड देऊ नका. वर्डप्रेसच्या ५.६ आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, ‘ॲप्लिकेशन पासवर्ड’ची सोय आहे. टूलसाठी वेगळा युजर बनवा, त्याला ‘ऑथर’ एवढाच अधिकार द्या आणि त्याच्या प्रोफाइलमधून हा पासवर्ड काढा. दुकानाची किल्ली आणि तिजोरीची किल्ली आपण वेगळी ठेवतो ना? तसंच. उद्या टूल बदललं तर तेवढा एक पासवर्ड रद्द केला की झालं.

सगळ्यात महत्त्वाचं: बेल बंद पडली तर?

ऑटोमेशन बंद पडतं तेव्हा आवाज होत नाही. वूकॉमर्सचा निरोप लागोपाठ पाच वेळा पोहोचला नाही, तर ते वेबहुक आपोआप बंद करतं. टूलची महिन्याची मर्यादा संपली तरी शीट भरणं थांबतं. शीट रिकामी दिसते आणि आपण समजतो, आज धंदा थंड आहे!

म्हणून रोज संध्याकाळी दोन आकडे जुळवा: वूकॉमर्समधल्या आजच्या ‘प्रोसेसिंग’ ऑर्डरी आणि शीटमधल्या आजच्या ओळी. दोन मिनिटांचं काम आहे. गल्ला मोजल्याशिवाय दुकानाचं शटर खाली ओढत नाही, तसं हे.

गृहपाठ

एक रुपयाचं चाचणी प्रॉडक्ट बनवा आणि स्वतःच तीन ऑर्डरी द्या: एक यूपीआयनं, एक कॅश ऑन डिलिव्हरी, आणि एक पैसे न भरता अर्ध्यात सोडलेली. शीटमध्ये नेमक्या दोनच ओळी आल्या पाहिजेत. तीन आल्या तर फिल्टर तपासा, एकच आली तर वेबहुकचं स्टेटस बघा. दोन आल्या की ते प्रॉडक्ट काढून टाका आणि मगच खऱ्या ऑर्डरी या जोडणीवर सोडा.