चिंधीचा भाव आणि सरकारचा नियम

भवानी पेठेत यंत्रमागाच्या धंद्यात आयुष्य गेलं. कचऱ्यातून पुन्हा माल काढण्याच्या धोरणांवर आता मोठाली भाषणं होतात. त्यातलं प्रत्यक्षात काय उतरतं आणि कोणामुळे उतरतं, याबद्दल माझी काही मतं पक्की झाली आहेत.

१. नियमाच्या मुळाशी बहुधा एखादा चिवट माणूस सापडतो. बंगळुरूच्या अल्मित्रा पटेल यांनी १९९६ साली शहरांच्या कचऱ्याबद्दल थेट सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्या याचिकेच्या रेट्यातून २००० सालचे घनकचरा नियम आले. ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करायचा, हे २०१६च्या नियमांनी आपल्यावर सोपवलं. या बाईंचं नाव आमच्या पेठेत कुणाला ठाऊक नाही.

२. उपदेशापेक्षा भाव लवकर पटतो. टॉवेलच्या मागावर सुताचे तुकडे, कापलेल्या किनारी, बिमाची उरलेली टोकं असं वेस्ट रोज निघतं. पूर्वी ते सगळं एकाच पोत्यात जायचं. वेस्ट न्यायला येणाऱ्या अक्कांनी एकदा ते पोतं अंगणात उपडं केलं. पांढरं एकीकडे, रंगीत दुसरीकडे, आणि ऑइलने काळा झालेला बोळा माझ्या नाकासमोर. ‘मालक, एवढंसं हे आत गेलं की सगळा माल मार खातो.’ ऑइलचं वेस्ट गॅरेजात हात पुसायला जातं. स्वच्छ सूत पानिपतसारख्या ठिकाणी पिंजून त्याचा पुन्हा धागा होतो. रंग आधीच निवडलेला असला तर तो परत रंगवावा लागत नाही, पाणी आणि रसायन दोन्ही वाचतं. हे मला कुठल्या शिबिरात कुणी सांगितलं नव्हतं. मागांजवळ तीन पोती टांगली. शेजारच्या कारखानदाराने आधी हसून घेतलं, मग भावातला फरक विचारला, आणि त्याच्याकडेही पोती लागली.

३. दयेचा अर्ज करू नये, हिशेब मांडावा. पुण्यात १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. लक्ष्मी नारायण, पौर्णिमा चिकरमाने यांच्यासारख्या कार्यकर्त्या कचरावेचक बायकांबरोबर राबत होत्या. आधी ओळखपत्रं मिळवली. मग या बाया किती माल डेपोपर्यंत जाऊच देत नाहीत आणि पालिकेचा वाहतुकीचा खर्च त्यामुळे किती वाचतो, ते आकड्यांत दाखवलं. २००८ साली ‘स्वच्छ’ या त्यांच्या सहकारी संस्थेशी महापालिकेने दारोदार कचरा उचलण्याचा करार केला.

४. अर्जात कलम लिहावं. कचरावेचकांच्या संघटनांना मान्यता देऊन कामात सामावून घ्यायचं, हे २०१६च्या नियमांतल्या कलम १५मध्ये होतं. ‘वरून आदेश नाही’ म्हणणारा कारकून कलमाचा आकडा दिसला की निदान फाइल उघडतो.

५. चांगल्या माणसाची बदली होते. एका वस्तीत मुकादम स्वतः घंटागाडीमागे उभे राहायचे, तोवर ओलं-सुकं वेगळं जात होतं. ते गेले आणि सगळं एकत्र झालं. ठेकेदाराला वजनावर पैसे मिळत असतील तर सुका माल आधीच काढून वजन घटवण्यात त्याला काय रस? वेगळ्या कचऱ्याची अट आणि मिसळलेल्या गाडीचं बिल कापायची तरतूद करारातच हवी. अशा ठेक्याची निविदा निघण्याआधी तिचा मसुदा वाचून हरकत घेणारा एखादा वकील किंवा निवृत्त अकाउंटंट पेठेत मिळतो का, ते सध्या शोधतोय.