पूर्तधर्म आणि पाण्याची संस्था

शास्त्रकारांनी पुण्यकर्माचे दोन भाग केले आहेत, इष्ट आणि पूर्त. यज्ञ-होम हे इष्ट. विहीर, बारव, तलाव, पाणपोई, अन्नछत्र हे पूर्त. इष्टाला अधिकार लागतो, मंत्र लागतो. पूर्त सर्वांना मोकळे. पाणपोईला अमरकोशात ‘प्रपा’ असा स्वतंत्र शब्दच आहे. आमच्या नांदेड जिल्ह्यात कंधारला राष्ट्रकूटांच्या काळचा जगत्तुंग समुद्र नावाचा तलाव आहे. राज्य गेले, तलाव राहिला.

नाथांची कथा आपण सर्व जाणता. काशीहून रामेश्वराला न्यावयाची गंगेची कावड त्यांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली. कीर्तनात ही कथा निघाली की मंडळी डोळे पुसतात. पण नाथांनी गाढव कोणाचे, हे विचारले नाही, इकडे लक्ष कोण देतो? पाण्यासाठी संस्था काढू म्हणणाऱ्याने पहिला पाठ येथे घ्यावा.

कारण पाणी कोणाला मिळत नाही? नळयोजनेच्या शेवटच्या टोकाची वस्ती, माळावरचा तांडा, उसतोडीवाल्यांची पाले, यांना. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. पायी वारीत एकमेकांच्या पाया पडणाऱ्या आपण लोकांनी ही तारीख विसरू नये.

आता लातूरचे पाहा. शहराला पाणी देणारे धनेगावचे मांजरा धरण २०१६ साली कोरडे पडले. पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होतील म्हणून जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेस दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींतून पंचवीस लाख लिटर येऊ लागले. त्याच वेळी नागरिकांनी ‘जलयुक्त लातूर’ ही चळवळ उभी केली, आणि लोकवर्गणीतून साई ते नागझरी असे मांजरेचे सुमारे १८ किलोमीटर पात्र रुंद व खोल केले. रेल्वे सरकारने आणली, पात्र लोकांनी खोदले. दोन्ही हवेच होते. परंतु धरणातले पाणी ऊस किती पितो, हा प्रश्न आम्ही कीर्तनात काढला की पुढच्या रांगेतले काही यजमान घड्याळ पाहू लागतात. असो.

एखाद्या दिंडीला किंवा भजनी मंडळाला अशी संस्था काढावयाची असेल तर भाबडेपणा उपयोगी नाही. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याने किमान सात माणसे लागतात. मग १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंद. दरसाल हिशेब तपासून घ्यावा, आणि विश्वस्त बदलला तर ९० दिवसांत बदल अहवाल द्यावा. हे कंटाळवाणे आहे खरे, पण पुष्कळ संस्था येथेच मरतात. सातही जण एकाच भावकीचे नकोत, बरं का! गाडगेबाबांना शाळा ठाऊक नव्हती. तरी धर्मशाळा बांधून ते विश्वस्तांच्या स्वाधीन करीत, आणि आपण खराटा घेऊन पुढच्या गावी जात. त्यांच्या नावाचे मिशन १९५२ साली निघाले, ते आजही चालते.

यापुढचे अधिक महत्त्वाचे. पाणी पुष्कळ असणे आणि पाणी निर्मळ असणे या दोन गोष्टी आहेत. किनवटकडे कीर्तनाला गेलो असता आम्ही पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे पाहिले. खोल बोअरच्या पाण्यातील फ्लोराईडने असे होते. पुढे हाडे आणि सांधे आखडतात. लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरी सोयच नसेल तेथे दीडपर्यंत. त्यापुढे पिऊ नये. हे पाणी डोळ्यांना काचेसारखे स्वच्छ दिसते. उकळून ते जात नाही. उलट पाणी आटते आणि दोष दाट होतो. टीसीएल पावडर जंतू मारते, फ्लोराईडला काही करीत नाही. तुरटी आणि चुन्याची नलगोंडा पद्धत नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने काढली आहे, पण ती रोज नेमाने करणारा माणूस हवा. म्हणून बोअर घेण्याआधी शेजारच्या बोअरचे पाणी प्रयोगशाळेत द्यावे. जुनी उथळ विहीर गाळ काढून, कठडा बांधून, पावसाचे पाणी जिरवून जगविता आली तर पुष्कळदा तेच उत्तम. यंत्र बसविलेच तर पाचव्या वर्षीची गाळणी कोणाच्या पैशाने येणार, हे पहिल्याच दिवशी वहीत लिहावे. संगमरवरी पाटीचा खर्च तेवढ्यापुरता वाचवावा.

ग्रामपंचायतीत पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते, पाण्याचे नमुने घेणारा जलसुरक्षक असतो. २०१९ पासूनच्या जलजीवन योजनेत माणशी रोज ५५ लिटर पाणी देण्याचे ठरले आहे. यांना वगळून संस्थेने आपली वेगळी चूल मांडू नये. नळ आहे पण पाणी नाही, अशी घरे मोजून त्यांच्यापुढे ठेवावी. मोजणी वैशाखात करावी. श्रावणात सगळीच गावे सुखी दिसतात. आणि पहिली बैठक मंदिराच्या सभामंडपात नको, त्या वस्तीवर घ्यावी. बायकांना पुढे बसवावे. दिवसाला किती घागरी आणि किती खेपा, हे त्याच सांगतील.