कालुंदराची ओळख

गोव्याच्या मासळीबाजारात कालुंदर हे नाव कोणाच्या कानावरून गेले नसेल? परंतु नाव ठाऊक असणे निराळे आणि वस्तू ओळखता येणे निराळे. आम्ही स्वतः एकदा शाळेच्या संग्रहातील काचपात्रावर 'कालुंदर' अशी चिठ्ठी डकवली आणि दुसऱ्याच दिवशी ती काढून घेतली. आतला मासा तिलापिया होता!

ही चूक सहज घडते, कारण दोन्ही मासे सिक्लिड या एकाच कुलातील आहेत. बहुतेक माशांना मुखाच्या प्रत्येक बाजूस दोन नासाछिद्रे असतात. सिक्लिडांना एकेकच असते. कुल ओळखण्याची ही एक मोठी खूण होय. भारतातील मूळचे सिक्लिड अवघे तीन; कालुंदर त्यांपैकी आकाराने सर्वांत मोठा. त्याचे शास्त्रीय नाव इट्रोप्लस सुराटेन्सिस. ब्लॉख या जर्मन शास्त्रज्ञाने 1790 साली त्याचे वर्णन केले. नावातील दुसरा शब्द सुरत शहराचे स्मरण देतो. त्याचे निकटचे आप्त दूर मादागास्कर बेटावर राहतात.

आता जाती कशी ओळखावी? कालुंदराचे शरीर उंच व दोन्ही बाजूंनी चपटे असते. अंगावर उभे गडद पट्टे आणि खवल्यांवर मोत्यासारखे ठिपके दिसतात. परंतु रंगावर फार विसंबू नये. वय, पाणी व ऋतू यांप्रमाणे तो पालटतो आणि मेलेल्या माशाचा तर फिकाच पडतो. म्हणून काटे मोजावेत. पोटाखाली, शेपटीच्या अलीकडे जो पर असतो त्याला गुदपक्ष म्हणतात. कालुंदराच्या गुदपक्षात 12 किंवा 13 टणक काटे असतात. आपल्याकडील मोझांबिक तिलापियाच्या गुदपक्षात सामान्यतः तीनच. मोजणी झाली की वाद मिटला.

दोघांची संततिसंगोपनाची रीतही भिन्न आहे. कालुंदराची मादी दगडावर किंवा बुडालेल्या लाकडावर अंडी चिकटवते आणि नर-मादी दोघेही त्यांची राखण करतात. परांनी पाणी हालवून अंड्यांना ताजे पाणी पुरवतात. मोझांबिक तिलापियाची मादी मात्र अंडी तोंडातच सांभाळते.

हा तिलापिया मूळचा आफ्रिकेतील; 1952 साली तो भारतात आणला गेला. तो झपाट्याने वाढतो आणि अन्न व जागा यांसाठी देशी माशांशी स्पर्धा करतो. खाडी, खाजनातील पाणी, मानशीजवळचे डोह ही कालुंदराची जुनी घरे. तेथे कोण राहतो आहे हे जाणायचे, तर आधी दोघांतील भेद कळला पाहिजे. प्रत्येक मासा 'कालुंदरच' म्हणून मोजला, तर खरा कालुंदर विरळ झाल्याचे आपणांस कळणारही नाही.

तेव्हा बाजाराची पिशवी घरी आली, की आईच्या हाती विळी येण्यापूर्वी क्षणभर थांबावे आणि काटे मोजावेत. शास्त्राचा आरंभ एवढ्यानेही होतो.